काचीगुड्याच्या बिस्किटांचा मसाला

एप्रिल आला की आमच्या विद्यानगरात आंब्यांच्या आधी शिंका येतात. गच्च्यांवर मिरच्या वाळत पडलेल्या असतात, कुठल्या तरी खिडकीत कुणीतरी खडा मसाला भाजायला घेतलेला असतो, आणि आमच्या बिल्डिंगचा वॉचमन नाकातोंडाला रुमाल बांधून बसलेला असतो. मी विमा कचेरीतून परत येते तेव्हा कोपऱ्यावर वळतानाच ओळखते की आज तेलुगू वास आहे की मराठी. दगडफूल भाजल्याचा वास आला तर आपल्यापैकी कुणीतरी आहे. चिंच, लसूण आणि कढीपत्ता आला तर समोरच्या अम्मांकडे कारम, म्हणजे त्यांचं तिखट, चाललंय. लोकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसायची मला पहिल्यापासून खोड आहे आणि ती या वयात जाईल असं वाटत नाही.

यंदा मात्र घरात एक नाक कमी होतं. माझ्या मायला थंडीत ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कधी, ते त्यांनाही सांगता येईना. वरण ठेवा, मटण ठेवा, ती दोन घास चिवडायची आणि ताट सरकवून द्यायची. माती खाल्ल्यागत लागतंय म्हणायची. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. तापातून उठलेलं माणूस निव्वळ न जेवल्याने हातचं जातंय की काय.

अशात एका दुपारी, अंगणवजा बाल्कनीत बसल्या बसल्या, माय आपण होऊन म्हणाली, "काचीगुड्याची बिस्किटं खावी वाटायलीत."

तापानंतर तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी त्याच संध्याकाळी मैदा घेऊन आले.

आता ही काचीगुड्याची बिस्किटं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण दुकानात जाऊन मागितली तर मिळणार नाहीत. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. परभणीकडचं गाव सोडून ते आणि माय काचीगुडा स्टेशनामागच्या गल्लीत येऊन राहिले. त्या गल्लीत मराठवाड्याची बरीच घरं होती, सगळी आपलीच, बुद्धाला मानणारी. कुणी रेल्वेत, कुणी पोस्टात, कुणी दवाखान्यात. बाकी गल्ली तेलुगू आणि मुसलमान. एप्रिलमध्ये जयंती असायची. कुणाची हे आमच्या गल्लीत कधी सांगावं लागलं नाही. जयंतीला घरोघर सरबत आणि बिस्किटं वाटायची पद्धत होती. बिस्किटं विकतची नाहीत. प्रत्येक घर आपापला मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप परातीत घालून खलीलचाचांच्या बेकरीत घेऊन जायचं. दुपारी पावाचं काम संपलं की भट्टी ऊबदार असायची, फार तापलेली नाही आणि निवलेलीही नाही. त्या उबेवर आमची बिस्किटं भाजून मिळायची.

आमच्या वार्षिक परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. भूगोलाचं पुस्तक मांडीवर उघडून मी बेकरीच्या बाकावर बसलेली आहे, पलीकडे पिठाने पांढरे झालेले दोन हात परातीत गोल गोल फिरताहेत, आणि मी मान्सूनचे वारे पाठ करतेय, हे चित्र माझ्या डोक्यात कायमचं आहे. आजही नैऋत्य म्हटलं की मला भाजका मैदा आठवतो. भट्टीत सारायचे बिस्किटांचे पत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची एक खूण असे. कुणी बिस्किटावर किल्ली दाबायचं, कुणी काट्याची टोकं, कुणी बाटलीचं झाकण. माय बाबांच्या जुन्या कोटाचं पितळी बटन दाबायची. पत्रा भट्टीतून बाहेर आला की बायका माना उंचावून बघायच्या आणि आपापली खूण दिसली की पदराने डबा पुसत पुढे व्हायच्या.

बटनाची खूण नसती तरी आमची बिस्किटं ओळखू आली असती. ती गोड होती, पण गोड विरघळल्यावर जिभेच्या मागे काहीतरी उरायचं. हलकं, भाजकं, किंचित झणका देणारं. खलीलचाचा एक तुकडा मोडून खायचे आणि दाढीवरची भुकटी झटकत मायला म्हणायचे, बाजी, तुमारे बिस्कुट में कुछ तो भी है. शेजारणी विचारायच्या, तुम्ही कोणता मसाला घालता? माय म्हणायची, काही नाही घालत. बायका आपसात म्हणायच्या, सांगत नाही बघ, पोटात ठेवते. आणि गंमत म्हणजे दरवर्षी चव थोडी वेगळी लागायची. एका वर्षी लसणीची झाक होती, एका वर्षी धन्याचा वास, आणि मी दहावीला होते त्या वर्षी तर जीभ चांगलीच चुरचुरली होती. पहिलं बिस्किट तोंडात टाकलं की माय डोळे मिटून बराच वेळ चावायची आणि स्वतःशीच हसायची. का हसतेस विचारलं तर म्हणायची, काही नाही.

तर मैदा आणला. माझी लेक प्रज्ञा माधापूरच्या एका आयटी कंपनीत आहे आणि रविवारी हौसेने केक वगैरे करते. ओव्हन तिचाच. तिने विचारलं, मम्मी, रेसिपी काय आहे? मी मायला विचारलं, त्यात मसाला कोणता घालायचीस?

"काही न्हाई," माय म्हणाली. "मैदा, साखर, तूप."

मला वाटलं तापाने विसरली असेल. मग मी माझ्या पुस्तकांकडे वळले. जुन्या पाककृतींची पुस्तकं जमवण्याचा मला नाद आहे. रविवारी कोठीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, तिथून कितीतरी मराठी पुस्तकं मी धूळ झटकून घरी आणली आहेत. ही पुस्तकं कुणी वाचतं की नाही माहीत नाही, मी मात्र कादंबरीसारखी वाचते. घरात ओव्हन नव्हता त्या काळात केक कसा करायचा, तर पातेल्यात वाळू तापवायची, त्यावर डबा ठेवायचा, झाकणावर निखारे. पुण्या-मुंबईच्या कुणा बायकांनी किती खटपटी केल्या असतील, चटके सोसले असतील, आणि मग कुठे त्या चार ओळी छापून आल्या असतील.

त्या सगळ्या केक-बिस्किटांत वास येऊन जाऊन वेलची-जायफळाचा. फार तर दालचिनी, क्वचित सुंठ. हे असं का, याचं मला फार दिवस कुतूहल आहे. जायफळ मुळात समुद्रापारच्या बेटांवरचं, आणि आपण त्याला श्रीखंडात घालून अगदी घरचं करून टाकलं. साहेबाने हेच मसाले जहाजातून नेले, आपल्या केकात घातले, आणि त्याची नक्कल करताना आपण ते गोड पदार्थांचे मसाले म्हणून परत शिकलो. मिरचीसुद्धा दर्यापारची पाहुणी. आपल्याकडे येऊन ती अशी काही नांदली की तिच्याशिवाय आपलं पान हलत नाही. पण बिस्किटाच्या दारातून कुणी तिला आत घेतलं नाही. तिथे वेलदोडेबाई बसलेल्या.

आणखी एक गोष्ट. या पुस्तकांत पुष्कळदा घरचा मसाला घाला असं सांगितलेलं असतं. कुणाच्या घरचा ते सांगत नाहीत, कारण लिहिणारीला दुसरी घरं ठाऊक नसावीत. आमच्या घरी काळं तिखट असतं. मिरची, धने, दगडफूल, तीळ, खोबरं, तेलात काळपट होईपर्यंत भाजलेलं. ते एकाही पुस्तकात मला भेटलं नाही. त्यात राग धरण्यासारखं काही आहे का? आहे, थोडासा. पण रागापेक्षा मला नवल जास्त वाटतं, की इतकी माणसं इतकी वर्षं रोज जेवत होती आणि त्यांच्या भाजीचा वास छापखान्यापर्यंत पोचलाच नाही.

प्रज्ञा मराठी वाचते ती एकेका अक्षरावर बोट ठेवून. तिने एक पुस्तक हातात घेतलं, एका ओळीवर अडकली आणि म्हणाली, "मम्मी, ये चवीपुरती मतलब कितने ग्रॅम?" माय तिकडून खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी प्रज्ञाला पुस्तकातून आणखी चार ओळी मोठ्याने वाचायला लावल्या.

प्रयोग सुरू झाले. पहिल्या खेपेला वेलची-जायफळ. मायने तुकडा तोंडात ठेवला आणि मान हलवली. दुसऱ्या खेपेला मिरपूड आणि ओवा. मग मी धीर करून आमचं काळं तिखट चिमूटभर घातलं. बिस्किटं तपकिरी झाली आणि खोकल्याच्या औषधागत वास यायला लागला. वरच्या मजल्यावर पुण्याची अनघा राहते, नवरा आयटीतला, स्वभावाने लाघवी. तिला जिन्यातच सगळं कळलं, तशी ती सासूबाईंनी पाठवलेला गोडा मसाला वाटीभर घेऊन खाली आली. म्हणाली, सुजाताताई, याने नक्की जमेल. त्याचीही बिस्किटं केली. चांगली झाली होती, अनघा स्वतः चार खाऊन गेली. मायने एक चावलं, उरलेलं बशीत ठेवलं आणि माझी समजूत घालायच्या सुरात म्हणाली की छान आहेत पण ती नव्हेत.

चव गेलेल्या माणसाला ती नव्हेत हे कसं कळत होतं? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वास गेला तरी तिखटाचा झणका कळतो, खारट-गोड कळतं, आणि वासही कधीकधी तुकड्यातुकड्याने परत येतो. म्हणजे आत कुठेतरी दार किलकिलं होतं. मी चुकीच्या किल्ल्या लावत होते.

दरम्यान आमचं वर्षाचं तिखट दळायचं राहिलं होतं. मिरच्या वाळल्या होत्या, मसाला भाजून झाला होता. मी डबे घेऊन काचीगुड्याला गेले. विद्यानगरातही चक्की आहे, पण तिखट दळायला मी अजून जुन्या गल्लीत जाते. खलीलचाचांची बेकरी आता नाही, तिथे मोबाइलची दुकानं आहेत. नरसिंगअण्णांची चक्की मात्र आहे. अण्णा गेले, मुलगा चालवतो. गव्हाची दगडी जाती एका बाजूला, आणि तिखट-मसाल्याचं लोखंडी मशीन दुसऱ्या बाजूला. आत शिरलं की डोळ्यांतून पाणी येतं आणि लहानपण समोर उभं राहतं.

माझ्या पुढे एक बुरखेवाली बाई हळद घेऊन उभी होती. तिच्या आधी कुणाची तरी मिरची दळून झालेली. नरसिंगअण्णांच्या मुलाने तिच्याकडे हात केला. तिने पर्समधून पुडी काढून मूठभर तांदूळ त्याच्या ओंजळीत घातले. त्याने ते मशीनमध्ये टाकले. खालून लालसर पीठ आलं, ते त्याने बाजूच्या बादलीत झटकलं, आणि मग हळद ओतली. मशीन धुता येत नाही. आधीच्याचा मसाला पुढच्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून तांदळाने पुसून घ्यायचं, आणि ते तांदूळ ज्याचे त्याने आणायचे, हा या चक्कीचा जुना रिवाज.

मी त्या बादलीकडे बघत राहिले. माझा नंबर आला तरी मला कळलं नाही.

कारण मला शाळेच्या फ्रॉकमधली मी दिसत होते. हातात साखरेचा डबा. साखर दगडी जात्यावर दळत नाहीत, ती वितळून दगडाला चिकटते. ती याच लोखंडी मशीनमध्ये दळायची. नरसिंगअण्णांनी तांदळासाठी हात पुढे केला होता, मागे रांग उभी होती, आणि मायने डब्याच्या झाकणावर तळहात घट्ट ठेवला होता. अण्णा समजावत होते, मिरची के बाद शक्कर खराब होती अम्मा. रांगेतल्या बायका हसत होत्या. आणि माय मराठीतच म्हणाली होती, "मशीनला काय चारायचं? माणसाला पुरंना म्हणून तर गाव सोडलं."

मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. इतकी वर्षं तो प्रसंग मी लाजेच्या कप्प्यात ठेवून दिला होता. तिने दुष्काळ पाहिला होता. खडी फोडायला गेली होती, परदेशातून आलेली लाल ज्वारी रांगेत उभं राहून आणली होती. ती बाई मूठभर तांदूळ लोखंडाच्या तोंडात घालून मग बादलीत फेकून कशी देईल? दरवर्षी साखर तशीच दळली गेली. म्हणजे दरवर्षी रांगेत आमच्या आधी जो कुणी असेल त्याचा मसाला आमच्या साखरेत उतरला. कुणाचं लसूण-कारम, कुणाचा बिर्याणीचा पोटली मसाला, कुणाचं परभणीचं काळं तिखट. अख्ख्या गल्लीचं घर आमच्या बिस्किटात येऊन बसायचं, आणि मी फुटपाथवरच्या पुस्तकांत त्याचं माप शोधत होते. मायने खरं तेच सांगितलं होतं. तिने काही घातलंच नव्हतं. आणि माझ्या घरी गेली कित्येक वर्षं पिठीसाखर मिक्सरमध्ये होतेय, झाकण घट्ट लावून, अगदी स्वच्छ.

रिक्षात बसून मी एकटीच हसले आणि मग डोळ्यांना पदर लावला. रिक्षावाल्याला वाटलं मिरची गेली.

पुढच्या रविवारी मी साखरेचा डबा घेऊन परत गेले. घरी सांगितलं, नारायणगुड्याला पुस्तकांच्या दुकानात जातेय. सांगून गेले असते आणि फसलं असतं तर मायची आशा उगाच वाढवल्यासारखं झालं असतं. रांगेत माझ्या पुढे एक तेलुगू आजी होत्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात स्टीलचा डबा. आत करिवेपाकु कारम, म्हणजे कढीपत्ता, मिरची, डाळ, लसूण असं सगळं भाजून आणलेलं. त्यांचं दळून झालं. चक्कीवाल्याने माझ्या डब्यात डोकावून पाहिलं आणि हात पुढे केला.

"चावल?"

"नक्को," मी म्हटलं. "वैसाच डालो."

त्याने मला निरखून पाहिलं. आजींनाही राहवलं नाही. त्यांनी आपल्या पिशवीतून उरलेले तांदूळ काढले आणि घे गं पोरी म्हणून मला देऊ लागल्या. त्यांना वाटलं मी विसरून आले. मी हात जोडले आणि डब्याच्या झाकणावर तळहात ठेवून उभी राहिले. माझा हात त्या जागी कसा गेला ते मला घरी येताना रस्त्यात जाणवलं. साखर दळून आली ती अगदी फिक्या मातकट रंगाची, मधे मधे हिरवट कण. वास घेऊन बघितला आणि मला शिंक आली. दहावीचा भूगोल आठवला.

प्रज्ञाने पीठ मळलं. साखर अशी का दिसते म्हणून तिने चौकशी केली, मी म्हटलं तू भाज. बाबांचं बटन कधीच हरवलंय, तेव्हा तिने पेनाचं टोपण दाबलं. खूण कशाला लागते, आपला एकटाच तर पत्रा आहे, असं ती म्हणत होती आणि तरीही प्रत्येक बिस्किटावर मन लावून टोपण दाबत होती. ओव्हनमधून वास यायला लागला तसा वरून अनघाने फोन केला की आज काय केलंय. खरं तर मला सांगताच येईना की हे काय केलंय. याला नाव नाही, माप नाही, आणि पुढच्या वेळी हे असंच होईल याची काहीही खात्री नाही. हे पुस्तकात छापायचं म्हटलं तर काय लिहिणार? चक्कीवर जावे आणि रांगेत उभे राहावे.

माय बाल्कनीत बसली होती. मी चहा आणि बशी तिच्यापुढे ठेवली आणि कपडे घड्या घालायला घेतल्याचं नाटक करत तिच्याकडे पाठ केली. कुणी आपल्या तोंडाकडे बघत बसलं की तिला आवडत नाही. बशीचा आवाज झाला. मी एकाच टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. शेवटी राहवेना म्हणून वळून पाहिलं. तिने डोळे मिटले होते आणि ती सावकाश चावत होती. दुसऱ्या हातात दुसरं बिस्किट होतं. ती स्वतःशीच हसली, अगदी तशीच. मी यावेळी का हसतेस म्हणून विचारलं नाही. तिनेच डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"यंदा नंबरला आपल्या म्होरं कोण होतं गं? तेलुगू बाई होती ना? कढीपत्ता लागायलाय."